पेलांगच्या तिठ्यावरचा थांबा

पेलांगला बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. चर्चमध्येसुद्धा ती शेवटच्या बाकामागे खांबाला टेकून उभी असायची, आणि प्रवचन जरा लांबलं की तिचे पाय आपोआप दाराकडे वळायचे. फादरनी एकदा विचारलंही, "पेलांग, बाकाला काटे आहेत का गं?" तर म्हणाली, "नाही फादर, चुलीवर पेज ठेवून आलेय." पेज त्या दिवशी चुलीवर नव्हती. पण पेलांगच्या डोक्यात ती कायमच चुलीवर असायची.

तळ्याकाठच्या आमच्या सांता मोनिकात तिचं पेजेचं दुकान अगदी मोक्याच्या जागी होतं. एका अंगाला चर्च आणि कबरस्तान, दुसऱ्या अंगाला मासेमारांची वस्ती, आणि मधल्या तिठ्यावर हिचं पत्र्याचं दुकान. पुढे बाकडी, मागे पडदा, पडद्यामागे घर. तांदळाची दाट पेज, तिच्यात ठेचलेलं आलं, वर कुरकुरीत तळलेला लसूण आणि कांद्याची पात, हवं तर उकडलेलं अंडं, आणि पिळायला बोराएवढं लिंबू. चव चांगली होती, पण दुकान चवीवर चालत नव्हतं. ते मयतांवर चालत होतं.

ऐकायला वाईट वाटेल, पण खोटं नाही. मयताच्या घरून उठलं की सरळ आपल्या घरी जायचं नाही, ही आमची रीत. गेलेला माणूस मागे लागतो. मुद्दाम नव्हे बिचारा. आपण गेलोय हेच त्याला अजून नीट समजलेलं नसतं, म्हणून जो उठेल त्याच्या मागोमाग तोही निघतो. तेव्हा वाटेत कुठेतरी थांबायचं, चार घास खायचे, इकडचं तिकडचं बोलायचं, आणि तो तिथेच रेंगाळला की आपण निसटायचं. याला आम्ही झटकणं म्हणतो. वस्तीत कोणी गेलं की अर्धं गाव झटकायला तिठ्यावर थांबायचं, आणि तिठ्यावर पेलांगशिवाय दुसरं होतं काय?

मग तिथे जे हसणं-खिदळणं चालायचं ते लग्नघरात चालत नसेल. त्यात चूक कोणाची नाही. पेटीपाशी घसा दाबून बसलेल्या माणसाला बाहेर आल्यावर भूक लागते, आणि भुकेपाठोपाठ हसू येतं. पेलांग वाटीवर वाटी भरायची, कोणाला टोमणा मारायची, कोणाला लिंबू जास्त पिळायची. तीनचाकी चालवणारा इस्को तर प्रत्येक मयताला हजर असायचा तो नंतरच्या पेजेसाठीच, असं ती त्याला तोंडावर म्हणायची.

"तसं नाही, आलिंग पेलांग," वडीलधाऱ्या बाईला आलिंग म्हणायच्या आमच्या चालीने इस्को म्हणायचा, "गेलेल्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं. फक्त ते अंड्यासोबत वाटतं."

पण म्हणून पेलांग मयताकडे नुसती धंद्याच्या नजरेने बघायची असं म्हणाल तर जीभ झडेल. कोणाकडे रडण्याचा आवाज आला की ही बाह्या सरसावून निघालीच. पेटी यायच्या आत हिची किटली पोचलेली असायची. खुर्च्या कोणाकडून आणायच्या, ताडपत्री कुठे बांधायची, पत्ते खेळणाऱ्यांना कॉफी आणि रोझरी म्हणणाऱ्या बायकांना आल्याचं गरम पाणी, सगळं हिच्या अंगावर. झाडू तेवढा हातात घेत नसे, कारण मयताच्या घरात झाडायचं नसतं. नाहीतर तिने अंगणसुद्धा तीनतीनदा झाडलं असतं. अशी मायाळू बाई पंचक्रोशीत नाही, असं गाव म्हणायचं, आणि गावाला एवढंसंच दिसलं नव्हतं की ज्यांच्या घरचं माणूस गेलंय त्यांच्या शेजारी पेलांग कधी टेकत नाही. त्यांच्या डोळ्याला डोळा भिडायची वेळ आली की तिला साखर संपल्याची आठवण व्हायची.

तिला स्वतःला हे ठाऊक होतं. आपली माया सगळी पायांत आहे, वर चढतच नाही, असं तिला कधीकधी कपबशा विसळताना वाटायचं, आणि मग ती आणखी जोरात विसळायची.

हे असं पहिल्यापासून नव्हतं. तिचं पहिलं मूल, सांतिंग, रांगायच्या आधीच तापाने गेलं. घर बायकांनी भरलं. कोणी भात टाकला, कोणी कपडे धुतले, कोणी म्हणालं देवालाच तो हवा होता, कोणी म्हणालं तू तरुण आहेस, अजून होतील. पेलांग चटईवर भिंतीला पाठ लावून बसली होती आणि हे सगळे आवाज तिला लांबून ऐकू येत होते. शेजारी डोराय बसली होती. डोराय तेव्हा नवीनच लग्न होऊन डोंगराकडच्या गावातून आलेली पोरगी. तिला कोणी ओळखत नव्हतं, आणि अशा वेळी काय बोलायचं तेही तिला माहीत नव्हतं. म्हणून ती बोललीच नाही. सकाळी येऊन बसली ती दिवे लागेपर्यंत तशीच बसून राहिली. उठायला गेली तर तिच्या पायांना इतक्या मुंग्या आल्या होत्या की ती धपकन पेलांगच्या मांडीवर पडली. त्या दिवशी पेलांग हसली ती तेवढीच.

आणि डोराय तिथून सरळ घरी गेली. सासू दारातच उभी होती.

"कुठे थांबलीस?"

"कुठेच नाही."

"अगं मूर्ख पोरी, मयताकडून सरळ घरात? तुझ्या आईने काही शिकवलं का नाही? मागून आलं असेल ते लेकरू!"

"अंधार पडला होता," डोराय म्हणाली. "एवढासा जीव. मधेच कुठे सोडून येऊ त्याला?"

गाव हे वाक्य वर्षभर एकमेकांना सांगून हसलं. वर्षाच्या आत डोरायला रोमेल झाला, तेव्हा बायकांनी सांतिंग गेल्यापासूनचे महिने बोटांवर मोजले आणि एकमेकींकडे बघितलं. पेलांग त्यांच्यात नव्हती. पण बाप्तिस्म्याला रोमेलला हातावर घ्यायला, त्याची धर्माची आई व्हायला, तीच पुढे झाली, आणि तेव्हापासून दोघी एकमेकींना मारे म्हणू लागल्या. बाळाला घेऊन पेलांगने त्याच्या मानेत नाक खुपसलं ते फादरना दोनदा खाकरावं लागलं. पुढे तिलाही जोव्हलिन झाली. पण बूड टेकायची सवय गेली ती गेलीच. बसलं की ती चटई आठवायची.

आता हाच रोमेल पेटीत होता.

तळ्यातल्या मासे पाळायच्या कुंपणांवर राखणदार म्हणून तो लागला होता. बांबूची झोपडी पाण्यावर उभी, त्यात हा एकटा. वादळ आलं आणि झोपडी गेली. रोमेल नंतर लव्हाळ्यात सापडला. पंचविशीचा पोरगा, गर्दीत रमणारा, एकटेपणाला घाबरणारा, आणि मरताना जवळ चिटपाखरू नाही. गाव हळहळलं. धाकटी बहीण मेर्ली सौदीत कामाला. तिला सुट्टी मिळून ती येईपर्यंत पेटी घरात ठेवायची ठरली, त्यामुळे मयत लांबलं, आणि रोज नवी माणसं येत राहिली, रोज तिठ्यावर झटकून जात राहिली.

पेलांगच्या अंगात तर वारं शिरलं होतं. किटल्यांमागून किटल्या. पण पेटीच्या काचेतून तिने एकदाही आत बघितलं नाही. डोराय पेटीच्या उशाशी बसून होती, पोटात अन्नाचा कण नाही. बायका पेलांगला म्हणायच्या, "तू भरव गं तिला, तुझं ऐकेल." पेलांग पेजेचा डबा भरायची आणि इस्कोच्या हाती आत पाठवायची. डबा तसाच परत यायचा. एकदा कप उचलायला ती वाकली तेव्हा डोरायने तिचं मनगट धरलं.

"मारे, बस ना जरा."

"आलेच हं. पाणी उकळतंय."

मनगट सोडवून ती मागच्या दाराने बाहेर पडली ती थेट धक्क्यावर जाऊन पोचली. पाणी खरंच उकळत होतं, पण ते दुसऱ्या कोणीतरी उतरवलं असणार.

तिच्याकडे एक कारण होतं, आणि ते खोटं नव्हतं. घरी जोव्हलिनला सातवा महिना लागला होता. याआधी दोन वेळा गर्भ पडलेला. नवरा बोटीवर लांब कुठेतरी. पोटुशा बाईने मयताच्या वाऱ्याला उभं राहू नये, म्हणून पेलांगने तिला पडद्यामागेच कोंडलं होतं. स्वतः परतताना ती एका थांब्यावर भागवत नसे. आधी चर्चला वळसा, मग बाजार, मग धक्का. मग दाराशी पेरूच्या पाल्याचा धूर घ्यायचा, पाय धुवायचे, कपडे बदलायचे, तेव्हा कुठे आत. इस्को म्हणाला, "आलिंग पेलांग, एवढं गरागरा फिरवलंत तर रोमेलला चक्कर येईल." तिने त्याला डाव फेकून मारला. मग मागे वळून बराच वेळ लसूण सोलत राहिली.

मेर्ली आली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारची चर्चमधली मिस्सा आणि दफन ठरलं. त्या सकाळी प्रार्थना आटोपून माणसं तिठ्यावर आली, दुकान गच्च भरलं. पेलांगने लसणाची कढई चढवली. इस्को रोमेलच्याच गोष्टी सांगत होता: लहानपणी म्हशीवर बसून चर्चच्या मिरवणुकीत कसा घुसला, आणि म्हशीने बँडवाल्याच्या टोपीचं काय केलं. बाकडी हसून हलत होती. आणि हसता हसता एकेक जण गप्प होत गेला.

दारात डोराय उभी होती. काळा झगा, केस मोकळे, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. दफन होईपर्यंत आईने घराचा उंबरा ओलांडायचा नसतो. ती सगळ्या रीती पायाखाली घालून भर वस्तीतून चालत आली होती.

"मारे! तू कशी इथे?" पेलांग म्हणाली. "पेटीपाशी कोण आहे?"

"मेर्ली आहे." डोराय बाकांमधून वाकून वाकून बघत होती. "कुठे आहे?"

"कोण?"

"रोमेल."

कोणाच्यातरी हातातला चमचा वाटीत वाजला.

"असं काय बघताय?" डोरायचा आवाज अगदी साधा होता, बाजारात भाव विचारावा तसा. "सगळे तुम्ही आमच्याकडून निघालात आणि इथे थांबलात. रोज. झटकून गेलात. तो प्रत्येकाच्या मागे आला असणार, त्याला गर्दीचीच आवड. मी इतके दिवस त्या काचेतून बघतेय, तिथे तो नाहीये. तुम्ही त्याला इथे आणून सोडलंत. दुपारी ती पेटी पुराल आणि माझं पोर इथे तिठ्यावर राहील, बाकाखाली. मी न्यायला आलेय त्याला."

आम्ही आयुष्यभर ती रीत पाळत आलो, पण झटकलेल्याचं पुढे काय होतं, हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नव्हता. इस्कोने टोपी काढून हातात घेतली.

"आलिंग डोराय, चला, मी गाडीतून सोडतो," तो हळूच म्हणाला. "मिस्सेची वेळ होईल. फादर थांबायचे नाहीत."

"त्याच्याशिवाय मी यायची नाही. तुम्हाला पुरायचं ते पुरा."

आणि ती आत पाऊल टाकून उभी राहिली, पडद्यापासून हातभर अंतरावर.

पेलांगच्या मनात पहिला विचार आला तो हा: हिला आधी बाहेर काढा. हिच्याबरोबर जे काही आलं असेल ते बाहेर काढा. पडद्याआड माझी पोर आहे. दुसरा विचार लाजेचा होता, पण तो मागून आला, आणि पहिल्याला ढकलण्याएवढा तो जोरात नव्हता. तिने फडकं उचललं आणि स्वच्छ असलेलं बाकडं पुसायला लागली. "पाणी देऊ? अंडं फोडू? उन्हातून आलीस, चप्पल कुठे टाकलीस गं दुसरी, थांब, माझी जुनी जोडी—"

पडदा बाजूला झाला. जोव्हलिन पोट सांभाळत बाहेर आली, डोरायसमोर थोडी वाकली आणि तिचा हात उचलून आपल्या कपाळाला लावला. मोठ्यांना करायचा रोजचाच नमस्कार, पण तो मयताच्या आईचा हात होता.

"जोवी! आत जा!" पेलांग ओरडली.

"तिया डोराय एकटी आलीय, इनाय," जोव्हलिन आईला म्हणाली.

"अगं तुझ्या पोटात—"

"माझ्या पोटात काय आहे ते मला कळतं. तू ओरडू नकोस." मग डोरायला म्हणाली, "तिया, तो बाकाखाली कशाला असेल? तो तिकडे बसायचा. खांबाजवळच्या बाकावर, चुलीकडे पाठ करून. म्हणजे इनायला न दिसता माझ्या वाटीतलं अंडं उचलता यायचं."

डोरायने त्या बाकाकडे बघितलं. हळूच जाऊन बसली, अगदी कडेला, शेजारी जागा ठेवून. मग समोरच्या बाकाकडे बोट करून म्हणाली, "मारे, बस."

"आले. लसूण उतरवते आणि—"

लसूण खरंच लागायला आला होता. दुकानभर वास सुटला. लसणाचा हा वास म्हणजे पेलांगच्या दृष्टीने आग लागल्यासारखीच गोष्ट. झोपेतही ती या वासाने खडबडून उठायची. तिचे पाय वळले. तिने डोरायकडे बघितलं. डोराय हात पुढे करत नव्हती, आग्रह करत नव्हती, नुसती बघत होती, आणि पेलांगला एकदम कळलं की आता आपण चुलीकडे गेलो तर ही पुन्हा कधी बस म्हणणार नाही.

ती बसली.

लसूण करपत राहिला. तिचे हात मांडीवर फडकं शोधत होते. डोळे मात्र तिने डोरायच्या चेहऱ्यावरून हलवले नाहीत, आणि मग ते आलंच, इतके दिवस ती ज्याच्यापासून पळत होती ते: रोमेलची मान, बाप्तिस्म्याच्या तेलाचा वास, आणि त्यामागे आणखी एक मान, आणखी लहान. ते सहन होण्यासारखं नव्हतं. पण ती उठली नाही. इस्को चोरपावलांनी मागे गेला आणि त्याने कढई खाली घेतली. गिऱ्हाइकं एकेक करून बाहेर उन्हात जाऊन उभी राहिली.

बऱ्याच वेळाने डोराय म्हणाली, "लसूण करपला तुझा."

"करपू दे."

"त्याला करपलेलाच आवडायचा."

"माहीत आहे. तळाचा काळा वेचून मागायचा मेला. गिऱ्हाइकांसमोर माझी लाज काढायचा."

दोघींच्या तोंडून आवाज निघाला, हसण्याचा की कसला ते सांगता यायचं नाही. मग पेलांगने इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं.

"मारे, तेव्हा... सांतिंग आला होता का गं तुझ्यामागे?"

"आला होता," डोराय म्हणाली. "मला तरी वाटायचं आलाय. बरेच दिवस होता. मी निजताना भिंतीकडची बाजू त्याला ठेवायची."

"मला बोलली नाहीस कधी."

"तुला त्रास होईल वाटलं."

पेलांगने तोंडावर हात घेतला. इतकी वर्षं तिच्या मनात तो पोर कुठेतरी दारोदार फिरत होता, कोणी न थांबवता, आणि तिच्या पायांनाही थांबू देत नव्हता. तो कोणाच्यातरी भिंतीकडच्या बाजूला निजत होता, हे कळल्यावर ती बाकावर बसल्या बसल्या हमसून रडली. डोरायने तिला रडू दिलं. जोव्हलिनने पेजेची वाटी आणून मध्ये ठेवली, वर काळा लसूण. डोरायने चमचा उचलला, एक घास घेतला. थांबली. दुसरा घेतला.

"चल," ती म्हणाली. "मिस्सेची वेळ होईल."

पेलांग उठायला गेली, आणि बसायची सवय नसलेले पाय! मुंग्यांनी पार बधिर झालेले. ती तशीच कोलमडली आणि डोरायच्या खांद्यावर जाऊन आदळली, वाटी उलटी झाली, पेज दोघींच्या झग्यांवर. डोराय हसली. जोराने, एकदाच.

मग त्या निघाल्या. वाटेत कुठे थांबायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही, मागे बघायचं नाही. रीत उलटी करायची तर पुरती उलटी करायला हवी. इस्को पुढे पळत वाट मोकळी करत होता. बेकरीवाली सांत्वनाला पुढे आली तर त्याने तिला दोन्ही हातांनी मागे लोटलं, "नंतर, नंतर! आत्ता सोबत माणूस आहे!" घराशी पोचल्यावर डोराय उंबऱ्यापाशी जराशी बाजूला झाली, कोणालातरी आधी आत जाऊ दिलं, आणि मग आपण गेली. पेटीच्या काचेवर वाकून बघितलं. पेलांगही वाकली. दोघींनी चेहरे लगेच मागे घेतले, कारण काचेवर आसू पडू द्यायचे नसतात.

"आला," डोराय म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळ्याने रडायला बसली.

दफन झालं. मेर्लीने भावाच्या पेटीवर माती टाकली, फादरनी पाणी शिंपडलं, माणसं पांगायला लागली. फाटकापाशी डोरायने पेलांगला गाठलं.

"मारे, घरी आज पाहुण्यांचा गोंधळ आहे. आणि जेवायला तो तसाही तुझ्याकडेच यायचा." ती थोडी थांबली. "सगळे झटकतील. त्यांना झटकू दे. तू नको झटकूस."

पेलांगने डोरायचा हात दाबला.

दुकान तिने बंद ठेवायला सांगितलं होतं. इस्कोने फळ्या लावून दारात आपली तीनचाकी आडवी उभी केली होती, आणि झटकायला आलेलं गाव तिठ्यावर नुसतंच घुटमळत होतं. काहीजण पंक्चरवाल्याकडे जाऊन उगाच टायर बघत उभे राहिले. काही बेकरीत घुसले. पेलांग त्यांच्यातून वाट काढत निघाली आणि सवयीने पाय बाजाराच्या रस्त्याला लागले. चार पावलं गेल्यावर ती थांबली.

भीती गेली नव्हती. कोणी सांगितलं असतं की काही होत नाही, हे सगळं मनाचं असतं, तर तिने ते ऐकलं नसतं. दोन वेळा तिने जोवीचे रक्ताळलेले कपडे धुतले होते. पण डोरायही तेव्हा एकोणीस वर्षांची होती, नवी नवरी, पोटात कधी काय येईल याची वाट बघणारी. तिला काय भीती वाटली नसेल? तरीही ती सरळ घरी गेली होती. पेलांग वळली. मागच्या गल्लीने, धूर न घेता, पाय न धुता ती आपल्या घराच्या दाराशी आली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

जोव्हलिन पाय वर घेऊन खुर्चीत बसली होती.

"कुठे थांबलीस?"

"कुठेच नाही." पेलांगने दाराची चौकट धरली. "सरळ आलेय, जोवी. डोरायने सांगितलं झटकू नकोस. पण तू म्हणशील तर मी अजून जाऊन येते. बाजारातून, धक्क्यावरून. तू म्हणशील तसं."

जोव्हलिनने आईकडे बघितलं. मग आईच्या मागे, जिथे कोणी नव्हतं तिथे, तळ्यावरून काळोख वर येत होता तिकडे बघितलं. तिचा एक हात पोटावर गेला आणि तिथेच राहिला.

"अंधार पडायला आला, इनाय," ती म्हणाली. "आता मधेच कुठे सोडून येणार त्याला? या आत."

पेलांग उंबऱ्यापाशी जराशी बाजूला झाली. मग आत गेली आणि लेकीशेजारी बसली.